रॅपचं पहिलं सिंगल काढताय? बीटच्या कागदापासून रिलीजनंतरच्या महिन्यापर्यंतचा क्रम

जळगावात माझ्या खोलीवर रेकॉर्डिंगला येणारी बहुतेक पोरं एकाच क्रमाने येतात. यूट्यूबवरून बीट, म्हणजे रॅपखाली वाजणारं तयार संगीत, उतरवलेला असतो, मोबाइलच्या नोट्समध्ये दीड कडवं लिहिलेलं असतं आणि रिलीजची तारीख इन्स्टाग्रामवर आधीच टाकलेली असते. मग माईकसमोर शब्द बदलायला सुरुवात होते. मिक्सच्या, म्हणजे आवाज आणि बीट एकत्र बसवण्याच्या, वेळी कळतं की बीटची फक्त एमपी-३ आहे. गाणं चढल्यावर आठवडाभरात कुणाचा तरी मालकीहक्काचा क्लेम येतो.

अमळनेरकडच्या एका पोराचं गाणं असंच गेलं. लग्नांत वाजायला लागलं होतं, वरातीतली पोरं हुक, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा भाग, तोंडपाठ म्हणत होती, आणि बीट बनवणाऱ्याच्या तक्रारीवरून ते खाली उतरलं. कागद नव्हता. रेकॉर्डिंग मी केलं होतं आणि मीही त्याला कागद विचारला नव्हता, हे आजही मला खुपतं. नव्या बीटवर गाणं पुन्हा टाकलं, पण तोवर लगीनसराई संपली होती.

म्हणून खाली क्रम दिलाय. अहिराणीत करा, लेवा गणबोलीत करा, मराठीत करा, क्रम तोच. हाताशी आठ आठवडे ठेवा. त्यातले शेवटचे चार आठवडे गाणं पूर्ण तयार असलं पाहिजे.

टप्पा १: बीट, आणि बीटचा कागद

यूट्यूबवर बीटच्या नावात "फ्री" लिहिलेलं असतं. बहुतेक वेळा त्याचा अर्थ "कमाई करणार नसाल तर फुकट" एवढाच असतो. स्पॉटिफायवर गाणं टाकणं, यूट्यूबवर जाहिराती चालू करणं ही कमाई झाली. तेव्हा आधी बीट बनवणाऱ्याच्या पानावर जा आणि लायसन्स वाचा. साधारण तीन प्रकार दिसतील: एमपी-३ (दाबलेली फाइल) लीज, वेव्ह (पूर्ण दर्जाची फाइल) लीज आणि सुट्या ट्रॅकसकट लीज. त्याहून वर एक्सक्लुझिव्ह, म्हणजे बीट फक्त तुमचा. लीज म्हणजे भाड्याचं घर. तोच बीट आणखी शंभर जण घेऊ शकतात.

माझा सल्ला सुट्या ट्रॅकचा आहे. किक, स्नेअर, बेस, मेलडी वेगवेगळे हातात असतील तरच आवाजाला जागा करता येते. पैसे कमी पडत असतील तर किमान वेव्ह घ्या. एमपी-३ वर मास्टर, म्हणजे रिलीजची अंतिम फाइल, करू नका.

लायसन्समध्ये या गोष्टी शोधा:

- किती स्ट्रीमपर्यंत चालेल, आणि त्यानंतर काय
- व्हिडिओला परवानगी आहे का
- श्रेयात बीट बनवणाऱ्याचं नाव कसं लिहायचं
- कंटेंट आयडीबद्दल (यूट्यूबची आपोआप गाणं ओळखणारी व्यवस्था) काय म्हटलंय
- बीटमध्ये दुसऱ्या कुणाच्या गाण्याचा तुकडा वापरलाय का

शेवटचा प्रश्न ई-मेलवर स्पष्ट विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. जुन्या हिंदी गाण्याचा तुकडा घातलेला बीट ऐकायला गोड लागतो, पण तुम्ही घेतलेलं लायसन्स त्या तुकड्याला लागू होत नाही. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं टिकतो आणि गीत-संगीतावरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. "फक्त चार सेकंद घेतलेत" हा बचाव नाही.

हीच चूक आपल्याकडे लोकगीतांबाबत होते. कानबाई या आपल्या देवीचं गाणं परंपरेचं आहे, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्यावरचं गाणं आजीच्या तोंडचं आहे, सगळं खरं. पण बाजारात मिळणाऱ्या त्या गाण्याच्या कॅसेटचं किंवा व्हिडिओचं रेकॉर्डिंग कुणाच्या तरी मालकीचं आहे. ते उचलू नका. आजीलाच बसवा, तिच्याकडून म्हणवून घ्या आणि स्वतः रेकॉर्ड करा. संबळवाला, डफवाला, नंदुरबारकडचा पावरी हे फुंकवाद्य वाजवणारा, यांना बोलवा, मानधन द्या आणि साध्या कागदावर संमतीची सही घ्या. वाजवणाऱ्यालाही कायद्याने त्याच्या सादरीकरणावर हक्क असतो. पावरीचा सूर कीबोर्डच्या सुराशी बहुधा तंतोतंत जुळत नाही. वादकाला "थोडं वर घे" म्हणून काही होत नाही, त्याचं वाद्य तसंच असतं. आधी पावरी रेकॉर्ड करा आणि बीटचा सूर तिच्याकडे सरकवा.

तपासा: लायसन्सची फाइल, पैशाची पावती, बीटचा बीपीएम (मिनिटाला ठोके) आणि सूर. चारही गोष्टी एका फोल्डरमध्ये आल्याशिवाय एक ओळही लिहू नका.

टप्पा २: शब्द मोजून लिहा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

आधी बोली ठरवा. तुम्ही ज्या भाषेत भांडता त्या भाषेत रॅप करा. मुंबईच्या गल्लीतली हिंदी ऐकून आपल्या पोरांच्या तोंडात "अपुन" आणि "भिडू" बसलंय. चोपड्याच्या पोराच्या तोंडून ते ऐकलं की ऐकणाऱ्याला लगेच कळतं की हे उसनं आहे. अहिराणीत लिहायचं तर गावाची अहिराणी लिहा. धुळ्याकडची, बागलाणातली, जळगावच्या पट्ट्यातली, सगळ्यांत फरक आहे आणि लेवा गणबोली तर वेगळीच बोली आहे. एका कडव्यात दोन्हींची खिचडी झाली की कमेंटमध्ये पहिलं वाक्य तेच येतं. लिहून झाल्यावर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला वाचून दाखवा आणि ते कुठे अडखळतात ते बघा.

आता मोजणी. एका बारमध्ये चार ठोके. बीट ९० बीपीएमचा असेल तर एक बार २.६७ सेकंदांचा, म्हणजे १६ बारचं कडवं जेमतेम ४३ सेकंदांचं. चार बार सुरुवात, आठ बार हुक, सोळा बार कडवं, पुन्हा हुक, दुसरं कडवं, शेवटचा हुक: एकूण ६० बार, २ मिनिटं ४० सेकंद. पहिल्या सिंगलला एवढं पुरे. तिसरं कडवं सुचलं असेल तर पुढच्या गाण्यासाठी ठेवा.

अगदी सोप्या हुकवर मोजणी अशी दिसते:

मनं गाव / मनी माय / मनी बोली / मनी शान

चार ठोक्यांवर चार तुकडे. टेबलावर हाताने ठोका देत म्हणून बघा, गाव, माय, शान हे शब्द ठोक्याला नीट येऊन बसतात. "शान"नंतर श्वासापुरती फट राहते. ही ओळ वरातीतला कुणीही पहिल्याच फेरीत उचलेल.

आता मागच्या महिन्यात माझ्यासमोर आलेली ओळ बघा:

मी माझ्या गावाच्या शेतामध्ये लहानपणापासून काम करत आलो

उच्चाराप्रमाणे अक्षरं मोजा, २१ भरतात. ९० च्या बीटवर हे सगळं एका बारमध्ये कोंबायचं म्हणजे जीभ दाताखाली येणार. पोरगा ती ओळ अकरा वेळा म्हणाला आणि अकराही वेळा शेवट ठोक्याच्या बाहेर पडला. मग त्याला विचारलं, तू शेतात काय केलंस ते सांग. तो म्हणाला, बापाचं रान आणि आमचा घाम, दुसरं काय. तीच ओळ झाली:

बापाचं रान / माझा घाम / दोन्ही तिथंच / जिरले

तेरा अक्षरं. अर्थ वाढला आणि शेवटच्या ठोक्यावर दम घ्यायला जागा राहिली. साधारण बीटवर एका बारला १० ते १४ अक्षरं धरून चला. पटपट म्हणायचा भाग कडव्यात एकदाच ठेवा, चार बारांपुरता, म्हणजे तो उठून दिसेल.

यमकासाठी अहिराणी फार हाताशी येते. मराठीत "रानात, कानात, पानात" म्हणताना शेवटचा "त" आवाज बंद करतो. अहिराणीत "रानमा, कानमा, पानमा" उघड्या आकारावर संपतं, लांबवता येतं, गर्दीला ओरडता येतं. "आहे"च्या जागी "शे" आलं की एक अक्षर वाचतं. ही सोय मराठीत लिहिणाऱ्याला नाही, तिचा फायदा घ्या.

हुक पहिल्या वीस सेकंदांत सुरू झाला पाहिजे. आठ बारांची सुरुवात, वर सिनेमासारखा संवाद आणि मग कडवं, एवढा वेळ ऐकणारा थांबत नाही.

जपून: डिस ट्रॅक, म्हणजे कुणाला खिजवणारं गाणं, लिहिताना जात, धर्म, कुणाची आई-बहीण यांना हात लावू नका. एक तर ते वाईट आहे, आणि दुसरं, भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली समाजासमाजांत तेढ वाढवल्याचा गुन्हा लागू शकतो. राजकीय रॅप करायचा तर करा, तो आपला हक्क आहे, पण २०२३ साली महाराष्ट्रात राजकीय रॅपवरून गुन्हे नोंदले गेले हेही ध्यानात ठेवा. तथ्य तपासा, पुरावा जवळ ठेवा आणि ओळी एखाद्या वकिलाला दाखवा.

टप्पा ३: पाठांतर आणि फोनवरचा डेमो

कागद बघून रॅप करू नका. वाचणाऱ्याचा आवाज सपाट येतो, आणि हे कितीही महागड्या माईकने लपत नाही. दहा दिवस घ्या. बीटशिवाय म्हणा, बीटवर म्हणा, मग चालता चालता म्हणा. चालताना दम पुरला तर उभ्याने पुरतो. श्वास कुठे घ्यायचा तिथे कागदावर तिरकी रेघ मारा.

मग फोनवर डेमो करा. एका फोनवर बीट, दुसऱ्यावर रेकॉर्डिंग. डेमो पाच जणांना ऐकवा, त्यातले दोघं तरी रॅप न ऐकणारे हवेत. कसं वाटलं ते विचारू नका, सगळे "भारी" म्हणतात. दुसऱ्या दिवशी विचारा की कोणती ओळ आठवते. पाचांपैकी तिघांना हुक आठवला नाही तर हुक बदला. अजून एक रुपयाही स्टुडिओवर गेलेला नाही, बदल करायची वेळ हीच.

टप्पा ४: खोली आणि रेकॉर्डिंग

महागडा स्टुडिओ नाही म्हणून थांबू नका. मुंबईच्या नेझीने २०१४ साली आयपॅडवर रेकॉर्ड केलेल्या गाण्याने त्याला ओळख मिळवून दिली. पण खोली मात्र नीट लावावी लागते, आणि आपल्याकडे खोलीचा मोठा शत्रू म्हणजे ऊन.

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो. कूलर चालू ठेवला तर तो रेकॉर्डिंगमध्ये घरघरतो. बंद केला तर दहा मिनिटांत माणूस घामाने निथळतो आणि आवाजातला जोर उतरतो. मी उन्हाळ्यात रेकॉर्डिंग पहाटे पाच ते साडेसातच ठेवतो. रस्ता शांत, भिंती थोड्या निवलेल्या, गळा ताजा. दर दहा मिनिटांनी दार उघडायचं, कोमट पाणी प्यायचं आणि पुन्हा बंद करायचं. आदल्या रात्री झणझणीत शेवभाजी टाळा. बर्फाचं पाणी तर नकोच.

गोधड्या कुठे टांगायच्या, यात जवळजवळ प्रत्येक जण चुकतो. सगळे माईकच्या मागच्या भिंतीवर टांगतात. पण नेहमीचा कार्डिऑइड माईक समोरून ऐकतो, म्हणजे तुमचं तोंड आणि तुमच्या पाठीमागची भिंत. तिथून परत येणारा आवाज तो टिपतो. म्हणून पहिली जाड गोधडी तुमच्या पाठीमागे, मग दोन्ही बाजूंना, उरली तर माईकमागे. खोलीच्या बरोबर मधोमध किंवा कोपऱ्यात उभे राहू नका. एकदा टाळी वाजवून बघा, टाळीमागे "टण्ण" असा आवाज घुमला तर अजून गोधड्या हव्यात.

पुढचा क्रम:

१. माईकपासून तोंड एक वीत लांब, मध्ये पॉप फिल्टर. कंडेन्सर माईक असेल तर इंटरफेसवर (माईक लॅपटॉपला जोडणारी पेटी) ४८ व्होल्टचं बटण चालू.

२. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. सगळ्यात जोरात म्हणायची ओळ म्हणा आणि गेन (माईकच्या आवाजाची पातळी) असा लावा की मीटर मायनस ६ डेसिबलच्या वर जाणार नाही. लाल दिवा लागला की तो टेक गेला, मागून दुरुस्त होत नाही.

३. हेडफोन बंद कपाचे घ्या. उघड्या हेडफोनमधून बीट माईकमध्ये उतरतो.

४. लॅपटॉप चार्जरवर असताना "हम्म्" असा आवाज येत असेल तर घराचं अर्थिंग कच्चं असू शकतं. चार्जर काढा आणि बॅटरीवर रेकॉर्ड करा. वीज गेली तरी अडत नाही.

५. अख्खं कडवं सलग तीन वेळा घ्या. त्यातला सगळ्यात जिवंत टेक निवडा आणि फक्त फसलेल्या ओळी दुरुस्त करा. एकेक ओळ तोडून जोडलेल्या कडव्यात श्वास कुठेच ऐकू येत नाही आणि ते मेल्यासारखं लागतं.

६. मग डबल, म्हणजे त्याच शब्दांवर दुसऱ्यांदा म्हटलेला थर. पूर्ण कडव्यावर नको, फक्त यमकाच्या शब्दांवर. हुकला मात्र तीन-चार थर लावा, दोस्तांनाही उभं करा.

७. "हां", "चल", "ए भाऊ" हे सगळ्यात शेवटी.

तपासा: उठायच्या आधी प्रत्येक ट्रॅक एकटा ऐका. बाहेरून गेलेली मोटारसायकल, कुत्रं, मोबाइलची थरथर, जे काही असेल ते आत्ताच पुन्हा घ्या. फाइलच्या नावात गाणं, बीपीएम आणि तारीख लिहा आणि दोन ठिकाणी कॉपी ठेवा.

टप्पा ५: मिक्स आणि मास्टर

तांत्रिक भाग थोडक्यात सांगतो. आवाजातून ८० ते १०० हर्ट्झखालचं काढून टाका, "स-श" टोचत असतील तर डी-एसर लावा, काँप्रेशन आवाज सारखा होईल इतकंच. ऑटो-ट्यून लावायचं असेल तर बीटचा खरा सूर भरा. चुकीच्या सुरावर लावलेलं ऑटो-ट्यून सगळं गाणं बेसूर करतं.

पण खरी गफलत दोनच ठिकाणी होते. पहिली म्हणजे आवाज बीटखाली दबतो. तुम्हाला शब्द पाठ असतात, त्यामुळे ते ऐकू येत नाहीत हे तुम्हाला कळतच नाही. गाणं कधीच न ऐकलेल्या माणसाला एक कडवं ऐकवा आणि ऐकू आलेल्या ओळी लिहायला सांगा. सोळापैकी तीनहून जास्त ओळी चुकल्या तर आवाज वर घ्या.

दुसरी, बेस. हेडफोनवर छाती हलवणारा ८०८ (खोल बेसचा आवाज) फोनच्या स्पीकरवर गायब होतो, कारण ४०-५० हर्ट्झ तो स्पीकर वाजवूच शकत नाही. बेसवर थोडं सॅच्युरेशन (हलकी खरखर) द्या म्हणजे त्याचे वरचे सूर फोनवरही ऐकू येतात. आणि गाणं मोनोमध्ये, म्हणजे डावी-उजवी बाजू एकत्र करून, ऐका. लग्नातला डीजे कित्येकदा मोनोवर चालतो. दोन बाजूंना पसरवलेला हुक मोनोमध्ये विरून गेला तर वरातीत तुमचं गाणं पोकळ वाजणार. फोनवर, कुणाच्या तरी गाडीत, जमलं तर ओळखीच्या डीजेच्या सिस्टीमवर दुपारच्या वेळी ऐका.

आवाजाच्या पातळीमागे फार धावू नका. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण मायनस १४ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप) आणतो, त्याहून जोरात असलेलं खाली ओढतो. डीजेवरही चालायला हवं म्हणून मी मायनस १० च्या आसपास थांबतो आणि ट्रू पीक (आवाजाचं सगळ्यात उंच टोक) मायनस १ वर. मास्टरला चिरडून मायनस ६ वर नेलं की किकचा दणका मरतो.

एकाच बैठकीत पाच फाइली काढून ठेवा: मूळ गाणं, शिवी नसलेलं गाणं, नुसता बीट, नुसता आवाज आणि स्टेजसाठी हुकचा आवाज ठेवून कडव्यांचा काढलेला ट्रॅक. कॉलेजच्या स्नेहसंमेलनाचं बोलावणं आलं की दुसरी आणि पाचवी लागतेच.

टप्पा ६: वाटणी, नाव, अपलोड

आधी वाटणी. शब्द कुणाचे, बीट कुणाचा, हुकची चाल कुणी लावली, कुणाला किती टक्के. एका कागदावर लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या. दोस्तीत हे बोलायला अवघड वाटतं, पण पैसे आल्यावर बोलणं त्याहून अवघड जातं.

कलाकाराचं नाव सगळीकडे एकाच स्पेलिंगने लिहा, रोमन लिपीतही. त्याच नावाचा दुसरा कुणी आधीपासून असेल तर तुमचं गाणं त्याच्या पानावर जाऊन बसतं. आधी शोधून बघा.

डिस्ट्रिब्यूटर म्हणजे तुमचं गाणं स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणारी डिस्ट्रोकिड, ट्यूनकोर यांसारखी सेवा. कव्हर चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेल, त्यावर फोन नंबर किंवा इन्स्टाग्रामचं नाव नको. परत येतं. गीतकार-संगीतकाराच्या जागी टोपणनाव न लिहिता खरं पूर्ण नाव लिहा. भाषेच्या यादीत अहिराणी सापडली नाही तर मराठी निवडा आणि वर्णनात अहिराणी, खान्देशी हे शब्द दोन्ही लिप्यांत लिहा, कारण लोक तेच टाइप करून शोधतात. आयएसआरसी, म्हणजे रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक, डिस्ट्रिब्यूटर देतो, तो वहीत टिपून ठेवा.

जपून: "यूट्यूब कंटेंट आयडी चालू करू का?" असा प्रश्न येईल. बीट लीजवर असेल तर "नाही" म्हणा. तुम्ही चालू केलंत की त्याच बीटवरच्या दुसऱ्या पोरांच्या गाण्यांवर तुमच्या नावाने क्लेम जातात. मग बीटवाला लायसन्सच रद्द करतो.

शब्द आणि चाल तुमची असेल तर इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं, म्हणजे आयपीआरएसचं सभासदत्व घ्या. डिस्ट्रिब्यूटरकडून येतो तो रेकॉर्डिंगचा पैसा. गीतकार-संगीतकाराची रॉयल्टी वेगळी, ती तिथून येते. आपल्याकडे ही गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे.

टप्पा ७: व्हिडिओ

थोडक्यात. भर दुपारी शूट करू नका, डोळ्यांखाली काळे खड्डे दिसतात. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत सकाळी साडेसहा ते साडेआठ इतका सुंदर प्रकाश असतो की दिवे लागत नाहीत. मालकाला विचारून जा, घड लागलेल्या झाडांत नाचू नका. रेल्वे रुळांवर आणि भुसावळच्या यार्डात विनापरवाना शिरणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, शिवाय जिवाला धोका. पाटणादेवी हे ठिकाण अभयारण्याच्या हद्दीत येतं, तिथे वन विभागाची परवानगी लागते.

ओठ जुळत नाहीत ही नेहमीची तक्रार. शूटच्या जागी गाणं मोठ्या स्पीकरवर लावा आणि नुसतं ओठ हलवू नका, खरंच जोरात म्हणा, गळ्याच्या शिरा दिसल्या पाहिजेत. स्लो-मोशनसाठी सेकंदाला ५० फ्रेमवर घेऊन २५ वर वापरणार असाल तर शूटच्या वेळी गाणं दुप्पट वेगाने वाजवा. रात्री ट्यूबलाइटखाली शटर १/५० ठेवा, नाहीतर चित्र लुकलुकतं.

टप्पा ८: तारीख आणि पहिले चार आठवडे

गाणं डिस्ट्रिब्यूटरकडे रिलीजच्या चार आठवडे आधी द्या. स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्समधून प्लेलिस्टच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं तर ते रिलीजच्या किमान सात दिवस आधी करावं लागतं, आणि गाणं तिथे पोचायलाही दिवस जातात. आज अपलोड, उद्या रिलीज केलंत की हा दरवाजा बंद.

तारीख आपल्या कॅलेंडरवर बघून ठरवा. नाचायचं गाणं असेल तर आखाजीच्या तीन-चार आठवडे आधी, कारण डीजेवाले लगीनसराईची यादी आधीच लावतात. आईवर, माहेरावर, गावावर असेल तर श्रावणात, कानबाईच्या आठवड्यात, जेव्हा बाहेरगावी गेलेली माणसं रोटांसाठी (कानबाईच्या नैवेद्यासाठी) घरी येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षा असतात, ऐकणारी पोरं अभ्यासात असतात, तेव्हा टाळा.

डीजेवाल्यांना यूट्यूबची लिंक पाठवू नका. ते तिथूनच उतरवून घेतात आणि तुमचा बेस गढूळ वाजतो. वेव्ह फाइल ड्राइव्हवर ठेवून तिची लिंक द्या, नावात बीपीएम लिहा. धुळे, शिरपूर, शहादा, चाळीसगाव, प्रत्येक ठिकाणच्या दोघा-तिघांना स्वतः फोन करा. आणि सुरत विसरू नका. उधना-लिंबायत भागात आपली हजारो माणसं राहतात आणि गावाकडचं गाणं तिथे फार प्रेमाने ऐकलं जातं.

हुकचे पंधरा सेकंद कापून रील्स आणि शॉर्ट्ससाठी चार-पाच वेगवेगळे तुकडे करा. एकच तुकडा रोज टाकू नका. पहिल्या दोन दिवसांत प्रत्येक कमेंटला उत्तर द्या, ज्या बोलीत आली त्याच बोलीत.

टप्पा ९: प्रतिसाद वाचायला शिका

व्ह्यूजच्या आकड्याआधी यूट्यूब स्टुडिओतला प्रेक्षक टिकण्याचा आलेख उघडा. पहिल्या तीस सेकंदांत निम्मे लोक गळले तर सुरुवात लांबली. दुसऱ्या कडव्यावर गळले तर ते कडवं कमजोर. हुकच्या जागी आलेख वर उठला असेल तर लोक मागे जाऊन तो पुन्हा ऐकताहेत, तोच भाग कापून पुढचं रील करा.

व्ह्यूज विकत घेऊ नका. "हजार रुपयांत लाख" म्हणणारे मेसेज येतील. तसे व्ह्यूज दोन सेकंदांत निघून जातात, आलेख कोसळतो आणि यूट्यूब गाणं पुढे दाखवणं थांबवतं. स्पॉटिफायवर खोटे स्ट्रीम सापडले तर ते कापले जातात आणि गाणं काढलंही जाऊ शकतं.

पैशाची अपेक्षा खरी ठेवा. यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळायला १००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४००० तास पाहिलं जाणं लागतं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज. स्पॉटिफायवर १२ महिन्यांत १००० स्ट्रीम नसतील तर त्या गाण्याचे पैसेच मोजत नाहीत. पहिल्या सिंगलचा पैसा बहुधा कार्यक्रमांतून येतो, तेव्हा वर्णनात संपर्काचा ई-मेल हवाच.

क्लेम आला तर घाबरून गाणं काढून टाकू नका. कंटेंट आयडी क्लेम म्हणजे बहुतेक वेळा जाहिरातीचा पैसा दुसऱ्याकडे वळतो, चॅनेलला धोका नसतो. कॉपीराइट स्ट्राइक वेगळी, ९० दिवसांत तीन झाल्या की चॅनेल जातं. दोन्हींमध्ये टप्पा १ चा फोल्डर उघडा आणि लायसन्स जोडून उत्तर द्या.

आणि गाणं खरंच चाललं तर एखाद्या कंपनीचा फोन येईल, करार येईल. उत्साहात त्याच रात्री सही करू नका. करारात मुदत आणि प्रदेश शोधा. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क देणं लेखी आणि सहीनिशी असावं लागतं. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. पण "कायमस्वरूपी, जगभरासाठी" असे शब्द असतील तर तेच लागू होतात. ते खोडून मुदत लिहायला सांगा, आणि "पुढील सर्व गाणी" असं कलम दिसलं तर ते काढल्याशिवाय पेन उघडू नका.